गळाची काठी : वाकण्याचा इतिहास आणि निवडीचा विवेक

गळ टाकून मासा धरणे हा छंद आपल्या समाजात फारसा प्रतिष्ठेचा मानला गेलेला नाही. नदीकाठी काठी धरून बसलेला मनुष्य म्हणजे रिकामटेकडेपणाची मूर्ती, असेच सर्वसाधारण मत. त्यामुळे त्याच्या हातातील काठीकडे अभ्यासाचा विषय म्हणून पाहावे, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. वास्तविक या काठीचा इतिहास मोठा उद्‌बोधक आहे. तो राजदरबारातून, घड्याळजीच्या दुकानातून, कापडगिरणीतून आणि विमानांच्या संशोधनशाळेतून गेलेला आहे; शिवाय त्यात आपल्या देशातील वेळूचाही मानाचा वाटा आहे. या सगळ्या प्रवासात एकच प्रश्न पुनःपुन्हा पुढे येतो : काठी वाकावी ती नेमकी कोठे? उत्तर अमेरिकेतील ‘बास’ या माशाच्या निमित्ताने या प्रश्नाचा फार बारकाईने विचार झाला. म्हणून बाससाठी वापरल्या जाणाऱ्या ‘स्पिनिंग रॉड’ची निवड हा विषय आम्ही येथे इतिहासाच्या अंगाने मांडत आहोत.

प्रारंभ आपल्या परिसरापासून करू. कल्याणीचा, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याणचा, चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (राज्यकाल इ. स. ११२६ ते ११३८) याने ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. शंभर अध्यायांच्या या ज्ञानकोशात राज्यकारभार, वैद्यक, पाककला आणि संगीत यांच्या पंक्तीला ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण आहे. माशांच्या जाती, त्यांना घालावयाचे खाद्य, दोरी, गळ आणि काठी यांचा विचार राजाने त्यात केला आहे. हा ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत श्रीगोंदेकर यांच्या संपादनाखाली १९२५ पासून तीन खंडांत प्रसिद्ध झाला. त्यातील संगीतविषयक भागात मराठीचे अतिशय जुने नमुने सापडतात, म्हणून आपले भाषाभ्यासक त्याचा आदराने उल्लेख करतात. त्याच ग्रंथात गळाच्या काठीलाही स्थान आहे, ही गोष्ट मात्र फारशी कोणाच्या ध्यानात राहत नाही. राजाला जो विषय लिहिण्याजोगा वाटला, तो आपण क्षुल्लक मानण्याचे कारण नाही.

युरोपातही हा विषय लवकरच छापील पानावर आला. इंग्लंडमध्ये १४९६ साली गळाच्या मासेमारीवर एक छोटा प्रबंध छापला गेला. काठी घरच्या घरी कशी तयार करावी, याची कृती त्यात दिलेली आहे. १६५३ साली आयझॅक वॉल्टन याचे ‘द कम्प्लीट अँग्लर’ प्रसिद्ध झाले. त्या काळी दोरी घोड्याच्या शेपटीचे केस वळून करीत आणि ती बहुधा काठीच्या शेंड्यालाच बांधलेली असे. मासा जोराने पळू लागला तर सोडून द्यायला जादा दोरी नसे. केसांच्या त्या दोरीवर येणारा हिसका शोषून घेण्याचे काम एकट्या काठीला करावे लागे. म्हणून काठ्या लांबलचक असत आणि चांगल्याच वाकत. काठीचे खरे काम मासा उपसण्याचे नसून दोरी वाचवण्याचे आहे, हे तत्त्व तेव्हापासूनचे आहे. पुढील सर्व सुधारणांचे इंगित त्यातच आहे.

आता बासकडे वळू. मोठ्या तोंडाचा आणि लहान तोंडाचा अशा त्याच्या दोन प्रमुख जाती. दोघांचेही शास्त्रीय वर्णन फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लासेपेद याने १८०२ साली केले. मोठ्या तोंडाचा बास उबदार, संथ पाण्यात, पाणवनस्पती आणि बुडालेले ओंडके यांच्या आडोशाला राहतो. लहान तोंडाचा थंड व स्वच्छ पाणी पसंत करतो. भक्ष्य जवळ येताच बास तोंड विस्फारून पाण्यासकट ते आत ओढून घेतो, आणि गळ लागताच पाण्याबाहेर उसळी मारून डोके झटकतो. त्याची ही सवय वाचकांनी ध्यानात ठेवावी. काठीच्या निवडीत पुढे तिचा संबंध येणार आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी केंटकी राज्यातील पॅरिस या गावी जॉर्ज स्नायडर नावाच्या घड्याळजीने दातेरी चाकांचे रीळ तयार केले. मूठ एकदा फिरवली की रीळ अनेकदा फिरे. पुढे १८८१ साली डॉ. जेम्स हेन्शॉल या वैद्याने बास या एकाच माशावर सबंध ग्रंथ लिहिला. ज्या माशाला ट्राउट आणि सामन यांच्या तुलनेत हलक्या कुळीचा मानत, त्याची बाजू त्याने हिरिरीने मांडली. त्या वेळी प्रचलित असलेल्या लांब, जड काठ्यांऐवजी सुमारे सव्वाआठ फुटांच्या हलक्या काठीचा त्याने पुरस्कार केला. रिळावर दोरी राखून ठेवता येऊ लागली, तेव्हा काठीच्या लांबीची गरज कमी झाली, हे त्यामागचे कारण.

याच शतकात आपला वेळू अमेरिकेत पोहोचला. कलकत्ता बंदरातून जाई म्हणून त्याला तिकडे ‘कलकत्ता केन’ म्हणत. हा प्रामुख्याने भरीव जातीचा वेळू. विदर्भात त्याला मानवेल म्हणतात. पेनसिल्व्हेनियातील ईस्टन येथील बंदुका बनवणारे सॅम्युअल फिलिप यांनी १८४६ च्या सुमारास हा वेळू चिरून त्याच्या पट्ट्या पुन्हा एकमेकींना चिकटवल्या आणि काठी तयार केली. वेळूचे बळकट तंतू त्याच्या बाह्य सालीलगत दाट असतात, आतील गर दुबळा असतो. तो गर तासून टाकायचा आणि त्रिकोणी पट्ट्या अशा जुळवायच्या की सगळी साल बाहेरच्या अंगाला यावी, ही त्यातील युक्ती. पुढे मेन राज्यातील हायरम लेनर्ड यांनी सहा पट्ट्यांच्या षट्‌कोनी काठीला नावलौकिक मिळवून दिला. पुढच्या काळात कारागिरांनी कलकत्त्याचा वेळू सोडून दक्षिण चीनमधील ‘टोंकिन’ वेळू स्वीकारला.

या कारागिरीमुळे एक मोठा फरक पडला. अखंड वेळू निसर्गाने दिला असेल तसा वाकतो. चिरलेल्या वेळूची काठी मात्र कारागीर ठरवील तेथे वाकते. कारण बुंध्यापासून शेंड्यापर्यंत ती कोठे किती निमुळती करायची, हे त्याच्या रंध्याच्या हाती असते. इंचाच्या हजाराव्या भागाचाही हिशोब ठेवणारे कारागीर त्यांच्यात झाले. इंग्रजीत ज्याला काठीची ‘ॲक्शन’ म्हणतात आणि आम्ही येथे ‘वाक’ म्हणत आहोत, तो अशा रीतीने निवडीचा विषय बनला.

स्पिनिंगच्या रिळाचा जन्म ब्रॅडफर्डचा. तेथील गिरणीमालक आल्फ्रेड इलिंगवर्थ यांनी १९०५ साली स्थिर रिळाचे पेटंट घेतले. गिरणीतील कांडीवरून सूत जसे टोकाकडून सरसर सुटते आणि कांडी मात्र जागची हलत नाही, तीच रचना त्यांनी दोरीसाठी योजली. जुन्या रिळात आमिषाच्या वजनाने सबंध रीळ फिरवावे लागे. त्यामुळे हलके आमिष दूर जात नसे आणि दोरीचा गुंता होई. स्थिर रिळाने काही ग्रॅम वजनाचे आमिषही सहज फेकता येऊ लागले. ‘स्पिनिंग’ हा शब्द मात्र गिरणीतून आलेला नाही. पाण्यात गरगर फिरणाऱ्या आमिषावरून तो आधीच रूढ झालेला होता.

या रिळाने काठीचे रूप बदलले. दोरी वेटोळ्यांनी सुटते म्हणून रीळ काठीच्या खालच्या अंगाला आले. दोरी ओवण्याच्या कड्याही खाली आल्या आणि त्यांतील पहिली कडी मोठी करावी लागली. १९३८ साली ड्यू पाँ कंपनीने नायलॉन जाहीर केले आणि लवकरच त्याची दोरी, म्हणजे आपल्याकडे जिला तंगूस म्हणतात ती, बाजारात आली. दुसऱ्या महायुद्धानंतर तंगूस आणि स्थिर रीळ ही जोडी अमेरिकेत घरोघर पोहोचली. त्याच दशकात काचतंतूंची काठी निघाली. १९५० साली अमेरिकेने चिनी मालावर निर्बंध घातले, टोंकिन वेळू मिळेनासा झाला आणि काचतंतूंना मैदान मोकळे झाले. पुढे ब्रिटनच्या फार्नबरो येथील विमानविषयक संशोधनशाळेत १९६० च्या दशकात विकसित झालेला कार्बनतंतू १९७० च्या दशकात काठीत उतरला. काचतंतूची काठी सोशीक पण जड आणि संथ. कार्बनची हलकी, ताठ आणि दोरीवरील बारीक हालचालही हाताला कळवणारी, मात्र आघात सोसण्यात कच्ची.

एवढा इतिहास पाहिल्यावर निवडीचा प्रश्न सोपा होतो. प्रथम दोन शब्दांतील भेद ओळखावा. ‘पॉवर’ म्हणजे काठीचा जोर. ती वाकवण्यास किती बळ लागते त्याचे माप. ‘ॲक्शन’ म्हणजे वाक; ती कोठून वाकते याचे वर्णन. जलद वाकाची काठी शेंड्याकडील सुमारे एकतृतीयांश भागात वाकते, मध्यम वाकाची निम्म्यापर्यंत आणि संथ वाकाची थेट मुठीपर्यंत. जोर अधिक म्हणजे वाक जलद, असा समज अनेकांचा असतो. तो बरोबर नाही. या दोन गोष्टी स्वतंत्र आहेत.

शासकीय खरेदीच्या कामात आयुष्य घालवल्याने आम्हांला एक सवय लागली आहे : वस्तू कोणती हवी हे लिहिण्याआधी तिने काम कोणते करावयाचे ते लिहावे. तोच नियम येथे लावून पाहू. ओहायोतील निक क्रीम यांनी १९४९ च्या सुमारास मऊ प्लास्टिकचा कृत्रिम गांडूळ तयार केला. त्याच्या अंगात एकच गळ दडवून ते आमिष टाकले, तर झटक्यासरशी तो गळ प्लास्टिक भेदून बासच्या कठीण जबड्यात शिरला पाहिजे. तेथे जलद वाकाची काठी हवी; तिचा शेंडा चटकन वाकून संपतो आणि हाताचा जोर विनाविलंब गळापर्यंत पोहोचतो. याउलट, पाण्यातून ओढत आणावयाच्या माशाच्या आकाराच्या आमिषाला तीन टोकांचे लहान गळ टांगलेले असतात. ते ओठाच्या कडेला वरवर अडकतात. बासने उसळी मारून डोके झटकले की ताठ काठीमुळे ते निसटतात. तेथे मध्यम वाकाचीच काठी हवी. ती माशाबरोबर लवते आणि दोरी सैल पडू देत नाही.

एकच स्पिनिंग रॉड घ्यावयाचा असेल, तर साडेसहा ते सात फुटांची, मध्यम जोराची आणि जलद वाकाची काठी बाससाठी बहुतेक ठिकाणी चालते. सहा ते दहा पौंडांची दोरी आणि पाव औंसाच्या आसपासचे आमिष तिला मानवते. दाट वनस्पतीतून मोठा मासा ओढून काढावयाचा असेल, तर ते काम स्पिनिंगचे नव्हे. त्यासाठी जाड दोरीची आणि अधिक जोराची वेगळी काठी लागते. दोरीचा आणखी एक मुद्दा महत्त्वाचा आहे. तंगूस थोडी ताणली जाते आणि तेवढा हिसका स्वतः सोसते. १९९० च्या दशकापासून रूढ झालेली पॉलिथिलीनच्या तंतूंची विणलेली दोरी जवळजवळ ताणली जातच नाही. अशी दोरी वापरणाऱ्याने काठीचा वाक किंचित मवाळ घ्यावा. म्हणजे जी क्षमा दोरीत उरली नाही, ती काठीत सापडेल.

दुकानात काठी हवेत हलवून परीक्षा होत नाही. मुठीजवळ छापलेली जोर, वाक, दोरी आणि आमिष यांची मापे आधी वाचावी. मग कड्यांतून दोरी ओवून दुसऱ्याकडून ती हलकेच ओढून घ्यावी आणि कमान कोठून सुरू होते ते पाहावे. शेंडा जमिनीवर दाबून पाहू नये. कार्बनची काठी त्याने मोडू शकते. कार्बन विजेचा वाहक आहे, म्हणून विजेच्या तारांखाली किंवा गडगडाटात ती हाती धरू नये, हेही सांगणे आवश्यक आहे.

महागडी काठी म्हणजे मोठा मासा, हे गणित इतिहास मान्य करीत नाही. जॉर्जिया राज्यात जॉर्ज पेरी यांनी २ जून १९३२ रोजी २२ पौंड ४ औंसांचा बास धरला. त्या वेळी नायलॉनही नव्हते, काचतंतूची काठीही नव्हती. ७७ वर्षांनी, २ जुलै २००९ रोजी, जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी धरलेला बास एक औंसाहूनही कमी फरकाने भारी भरला. तेवढा फरक नियमात बसत नसल्याने दोघांचा विक्रम बरोबरीचा ठरला. कार्बनच्या युगाने वेळूच्या युगावर एक औंसाचीही मात केली नाही. त्याच जपानला बासची दुसरी बाजूही भोगावी लागली. १९२५ साली तेथे आणून सोडलेला हा मासा स्थानिक माशांच्या मुळावर आला आणि २००५ साली अंमलात आलेल्या कायद्याने तो पाळण्यावर, जिवंत वाहून नेण्यावर आणि अन्य पाण्यात सोडण्यावर बंदी आली. काठी परदेशातून आणता येते. मासा आणू नये, हा त्यातील बोध.

आपल्या नद्यांना स्वतःचे मासे आहेत. दख्खनच्या महसीरचे शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी पुण्याकडील नद्यांतील माशांवरून १८३९ साली केले. वाहत्या पाण्यात प्रवाहाच्या जोरावर दूर पळणाऱ्या त्या माशाला बासची काठी पुरणार नाही. त्याला लांब, मुठीपर्यंत कमान घेणारी काठी आणि रिळावर भरपूर दोरी हवी. मासा बदलला की पाणी बदलते, पाणी बदलले की आमिष, आमिषाबरोबर गळ, गळाबरोबर दोरी, आणि या सर्वांनंतर काठीचा क्रम लागतो. बाजारात मात्र आपण उलट्या टोकाने, म्हणजे काठीपासून, सुरुवात करतो. घोड्याच्या केसांपासून कार्बनपर्यंत सामग्री कितीदा तरी बदलली. परंतु जी काठी योग्य ठिकाणी वाकते तीच आपली दोरी राखते, हा निकष आजही तसाच लागू आहे.