जुनी दमणी : खरेदी आणि डागडुजी

नंदुरबार : तापीकाठच्या गावांतून हिंडताना एखाद्या जुन्या वाड्याच्या मागील अंगणात, गोठ्याच्या कडेला, जू जमिनीला टेकवून उभी असलेली दमणी अजूनही दृष्टीस पडते. एका चाकाची धाव सैल झालेली, छताच्या कमानी मोडलेल्या आणि साट्यात कोंबड्यांनी बिऱ्हाड थाटलेले. मालकाच्या लेखी ती सरपण असते, तर शहरातून आलेल्या हौशी ग्राहकाच्या लेखी ती शोभेची वस्तू असते. मात्र ही दमणी योग्य रीतीने दुरुस्त झाली तर पुन्हा रस्त्यावर धावू शकते आणि अयोग्य रीतीने दुरुस्त झाली तर बैलांच्या व प्रवाशांच्या जिवावर बेतू शकते, ही गोष्ट दोघांच्याही नजरेतून निसटते. अलीकडे कृषी पर्यटन केंद्रे, उपाहारगृहे आणि हौशी संग्राहक यांच्याकडून अशा गाड्यांना मागणी येऊ लागली आहे. त्यामुळे खरेदीपूर्वी काही बाबी समजून घेणे आवश्यक ठरते.

दमणी म्हणजे काय?

दमणी ही माणसांच्या प्रवासासाठी बनविलेली हलकी, दोन चाकी, छताची बैलगाडी होय. माल वाहणाऱ्या गाडीपेक्षा तिची बांधणी सडपातळ असते. बांबूच्या किंवा लाकडाच्या कमानींवर छत, आत गादी आणि बैलांच्या गळ्यात घुंगरमाळा हा तिचा थाट. मोटारी सर्वत्र पोहोचण्यापूर्वी खानदेशातील सधन शेतकऱ्यांची कुटुंबे लग्नकार्याला, लेकीला सासरी पोहोचविण्यास आणि यात्रेला दमणीतूनच जात असत. शहादा तालुक्यातील सारंगखेडा येथे दत्तजयंतीपासून भरणारी एकमुखी दत्ताची यात्रा आज घोडेबाजारासाठी देशभर परिचित आहे. पूर्वी अशा यात्रांना बैलगाडीने आलेली कुटुंबे गाडीच्याच आडोशाला मुक्काम करीत. म्हणजे हे एका अर्थी फिरते घरच होते.

बैलगाडीची महाराष्ट्रातील परंपरा तर फारच जुनी आहे. प्रवरा नदीकाठच्या दायमाबाद (आताचा अहिल्यानगर जिल्हा) येथे १९७४ मध्ये सापडलेल्या ब्राँझच्या वस्तूंमध्ये दोन बैल जोडलेला, सारथी उभा असलेला दुचाकी रथ आहे. बहुतेक संशोधक तो उत्तर हडप्पा काळातील मानतात. युरोपातही हौसेच्या प्रवासाचे फिरते घर प्रथम जनावरांनीच ओढले. डॉ. विल्यम गॉर्डन स्टेबल्स यांच्यासाठी १८८५ मध्ये ब्रिस्टल येथे बांधलेली ‘द वाँडरर’ ही दोन घोड्यांची गाडी या प्रकारातील पहिली मानली जाते. मोटारीमागे जोडावयाचे कॅरव्हॅन त्यानंतर आले. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. त्या नव्या हौसेचा हा जुना, देशी नमुना आपल्याच जिल्ह्यात धूळ खात पडून आहे.

खरेदी करताना

गाडीची पाहणी चाकापासून सुरू करावी. चाकाचा मधला तुंबा, त्यातून निघालेले आरे, आऱ्यांना जोडणारे पुठ्ठे आणि त्यावरील लोखंडी धाव हे चार भाग स्वतंत्रपणे तपासावेत. प्रत्येक आऱ्यावर लहान हातोडीने हलकेच ठोकावे. निरोगी लाकूड खणखणीत वाजते, कुजलेले वा पोखरलेले लाकूड बद्द आवाज देते. तुंब्याला आरपार गेलेली चीर असल्यास ते चाक दुरुस्त होत नाही, नवेच करावे लागते. खर्चाचा सर्वांत मोठा वाटा येथेच असल्याने भाव ठरविण्यापूर्वी ही खात्री करून घ्यावी.

लाकडाखाली पिठासारखी भुकटी साचलेली दिसल्यास कीड अद्याप जिवंत असल्याचे समजावे. आस वाकलेला आहे काय, चाके फिरविल्यावर डुलतात काय, हे पाहावे. नुकताच दिलेला चकचकीत ऑइलपेंट पाहून भुलू नये. रंगाखाली लांबी भरून भेगा लपविल्या जाऊ शकतात. रंग न लावलेली, धुळीने माखलेली गाडी त्या मानाने अधिक प्रामाणिक असते. व्यवहाराची लेखी पावती घेणे श्रेयस्कर. दुरुस्तीसाठी नवे सागवान घेतल्यास वखारीचे बिलही जपून ठेवावे.

चाक : दुरुस्तीचा गाभा

चाकासाठी बाभळीचे लाकूड सर्वाधिक वापरले जाते. ते कठीण, चिवट आणि सहज उपलब्ध होणारे असते. खैर, तिवस, अंजन ही लाकडेही गाडीकामात उपयोगात आणली जात. लाकूड पूर्ण वाळलेले असणे ही पहिली अट होय. ओल्या लाकडाचे चाक पहिल्याच उन्हाळ्यात आक्रसते आणि सांधे सुटतात.

धाव चढविणे हे सुतार व लोहार या दोघांचे संयुक्त काम आहे. धाव चाकाच्या परिघापेक्षा मुद्दाम किंचित लहान ठेवली जाते. गोवऱ्यांच्या जाळात ती सर्व बाजूंनी सारखी तापविली जाते. लोखंड दर १०० अंश सेल्सिअसला मीटरमागे सुमारे १.२ मिलिमीटर प्रसरण पावते. चाकाचा परीघ ४ मीटर धरल्यास तापमान ४०० अंशांनी वाढल्यावर धाव जवळपास २ सेंटिमीटरने वाढते. तशी तापलेली धाव सांडशीने उचलून चाकावर बसविली जाते आणि लाकूड जळू नये म्हणून लगेच पाणी ओतले जाते. निवताना लोखंड आकसते आणि पुठ्ठे, आरे व तुंबा यांना एकत्र आवळून धरते. चाकाचे बळ खिळ्यांत नसून या आवळण्यात असते. त्यामुळे सैल धावेखाली पत्र्याच्या पट्ट्या ठोकणे किंवा चाक पाण्यात बुडवून लाकूड फुगविणे हे उपाय तात्पुरते ठरतात. लाकूड वाळले की चाक पुन्हा सैल होते. सैल धाव कापून, आखूड करून, पुन्हा जोडून चढविणे हाच खरा उपाय आहे.

हे काम जाणणारे कारागीर आता थोडे उरले आहेत. ट्रॅक्टर व टायरच्या गाड्या आल्यावर लाकडी चाकाची मागणी घटली आणि पुढची पिढी अन्य कामांकडे वळली. म्हणूनच गाडी घेण्यापूर्वी कारागीर शोधावा, असा क्रम ठेवणे शहाणपणाचे. कारागिराला सोबत नेऊनच गाडी पाहावी.

तोल : दुर्लक्षित बाब

दुचाकी गाडीचा सर्व तोल आसावर असतो. प्रवासी बसलेले असताना जुवावर थोडा भार खाली यावयास हवा. हौसेपोटी मागील बाजूस जड लाकडी छत, पेटारा वा लोखंडी पायऱ्या जोडल्या गेल्या, तर गाडी मागे उलार होते. मग जू वर उचलले जाते आणि गळ्याखालचे जोते आवळून बैलाचा श्वास कोंडतो. याउलट भार पुढे अधिक झाल्यास बैलांच्या मानेला जखमा होतात. दुरुस्तीनंतर माणसे बसवून जू हाताने उचलून पाहावे. ते हलके पण खालच्या दिशेने ओढणारे लागले, तरच बैल जुंपावेत. छतासाठी मूळचीच बांबूच्या कमानींची हलकी बांधणी ठेवणे इष्ट.

आसाला वंगण देणे विसरू नये. चाक निसटू नये म्हणून असलेली खीळ प्रत्येक प्रवासापूर्वी पाहावी. लोखंडी भागांचा गंज तारेच्या ब्रशने काढून रेड ऑक्साइड लावावे. लाकडाला जवसाचे तेल उत्तम. मात्र तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून ठेवल्यास त्या आपोआप पेट घेऊ शकतात. त्या उघड्यावर पसरून वाळवाव्यात. रंगकाम सर्वांत शेवटी करावे.

नियम काय सांगतात?

बैलगाडी हे मोटार वाहन नसल्याने तिची परिवहन कार्यालयात नोंदणी करावी लागत नाही. परंतु मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार मोटारीने ओढलेले वाहन ‘ट्रेलर’ ठरते. म्हणून खरेदी केलेली दमणी जीपला बांधून आणण्याचा मोह टाळावा. ते नियमाच्या दृष्टीने अडचणीचे आहेच, शिवाय बैलाच्या चालीसाठी घडविलेले चाक मोटारीचा वेग सोसू शकत नाही. गाडी टेम्पोत चढवूनच न्यावी.

ओढकामाच्या जनावरांसाठी १९६५ चे केंद्रीय नियम लागू आहेत. त्यांनुसार गाडीत हाकणारा व सहा वर्षांखालील मुले वगळून चारपेक्षा अधिक माणसे बसविता येत नाहीत. जनावरांकडून दिवसात ९ तासांहून अधिक आणि विश्रांतीविना सलग ५ तासांहून अधिक काम घेता येत नाही. तापमान ३७ अंशांवर असेल तेथे दुपारी १२ ते ३ या वेळेत जनावरे जुंपण्यास मनाई आहे. नंदुरबारचा उन्हाळा लक्षात घेता एप्रिल-मे महिन्यांत दुपारची फेरी वर्ज्यच समजावी. रात्री रस्त्यावर येणाऱ्या गाडीला मागे प्रकाश परावर्तित करणारी पट्टी लावणे गरजेचे आहे.

शोभा की वापर?

केवळ अंगणात ठेवावयाची असल्यास दमणीची चाके मातीत टेकवू नयेत. त्याखाली दगडी फरशी द्यावी, आस टेकूंवर उचलून चाकांवरील भार काढावा आणि वर छप्पर असावे. पावसात उघडी राहिलेली गाडी काही वर्षांतच हातची जाते. गाडीची लाकडे सोडवून त्यांचे टेबल व झुंबर करण्याची प्रथाही रूढ होत आहे. त्यात लाकूड वाचते, पण गाडी संपते. जेथे चाके, आस व जू शाबूत आहेत, तेथे ती मोडण्यापूर्वी एकदा जाणत्या सुताराला दाखवावी. त्याच्या हातून दमणी दुरुस्त होईल आणि शेजारी उभ्या असलेल्या एखाद्या तरुणाला धाव कशी चढवितात, हेही पाहावयास मिळेल.