व्हिटल, ग्रिफिथ आणि एक नकार

फ्रँक व्हिटल यांचे ‘जेट’ हे आत्मकथन १९५३ साली प्रसिद्ध झाले. यंत्रशास्त्रात आम्हांला फारशी गती नाही. परंतु नाकारल्या गेलेल्या माणसाचे निवेदन कसे वाचावे, हा प्रश्न वाङ्मयाचाही आहे. अशा कथेला एक खलनायक लागतो. जेट इंजिनाच्या लोकप्रिय इतिहासाने ती भूमिका ए. ए. ग्रिफिथ यांना बहाल केली. आम्हांला हे वाटप पटत नाही.

गॅस टर्बाइनचे तत्त्व साधे आहे. हवा दाबायची, तिच्यात इंधन जाळायचे आणि तापून फुगलेल्या वायूंकडून चाक फिरवून घ्यायचे. अडचण अशी, की त्या चाकाची बहुतेक कमाई हवा दाबणाऱ्या कॉम्प्रेसरलाच द्यावी लागते. दोहोंपैकी एकाची कार्यक्षमता जरा घसरली, की शिल्लक शून्य. नॉर्वेच्या एलिंग यांच्या यंत्राने १९०३ मध्ये स्वतःचा खर्च भागवून ११ अश्वशक्ती उरवली, तीच मोठी मिळकत होती.

ही गळती कोठे होते, हे ग्रिफिथ यांनी १९२६ च्या निबंधात दाखवले. पात्यांचा आकार चुकीचा असल्यामुळे हवेचा प्रवाह त्यांच्यापासून सुटतो. म्हणून पात्यांना विमानाच्या पंखाचा छेद द्यावा, असे त्यांचे म्हणणे. अशा माणसासमोर १९२९ च्या अखेरीस बावीस वर्षांच्या वैमानिकाचा प्रस्ताव आला. ग्रिफिथ यांनी हिशेबातली एक चूक दाखवली आणि हे इंजिन कार्यक्षम होणार नाही, असा अभिप्राय दिला. चूक खरोखरच होती! पण ग्रिफिथ यांच्या मनातली टर्बाइन पंखा फिरवणारी होती. व्हिटल पंखाच काढून टाकत होते, आणि उंचावरच्या थंड, विरळ हवेत वेगाने जाणाऱ्या विमानाचे गणित मांडत होते. अज्ञानाने नव्हे, तर कार्यक्षमतेच्या उच्च आदर्शाने दिलेला हा नकार होता, असे आम्ही समजतो.

व्हिटल यांनी जानेवारी १९३० मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. मंत्रालयाला ते गुप्त ठेवण्याजोगेही वाटले नाही. १९३५ मध्ये नूतनीकरणाचे पाच पौंड कोणीच न भरल्याने ते रद्द झाले. (सरकारी दफ्तरांचा अनुभव असलेल्या वाचकाला याचे नवल वाटू नये.)

१२ एप्रिल १९३७ रोजी रग्बी येथे इंजिन प्रथम चालले, आणि आवरेना. इंधन बंद केले तरी वेग वाढतच राहिला. आवाज चढत गेला तशी भोवतालची माणसे पळाली. व्हिटल मात्र झडपेपाशी उभे राहिले. आत गळून साचलेले इंधन जळत होते, हे मागाहून कळले.

दरम्यान जर्मनीत फॉन ओहाइन यांचे इंजिन २७ ऑगस्ट १९३९ रोजी आकाशात गेले. व्हिटल यांचे उडाले १५ मे १९४१ रोजी, क्रॅनवेलहून. म्हणजे ज्या ठिकाणी त्यांनी १९२८ मध्ये विद्यार्थी म्हणून आपला प्रबंध लिहिला होता, तेथूनच.

व्हिटल यांचा कॉम्प्रेसर हवा केंद्रापासून बाहेर फेकणारा होता. ग्रिफिथ यांचा, पात्यांच्या ओळींतून हवा सरळ मागे नेणारा, बनवायला कितीतरी अवघड. पण पुढे लढाऊ विमानांत तोच रूढ झाला. ग्रिफिथ १९३९ मध्ये रोल्स-रॉइसमध्ये गेले. तेथील एव्हॉन हे इंजिन याच घराण्यातले. भारतीय वायुदलाच्या कॅनबेरा विमानांना तेच होते. ती विमाने २००७ साली निवृत्त झाली.