नावाचा धनी कोण?

भांडारात वस्तू ठेवणे सोपे. ती पुन्हा हाती लागेल असे नाव तिला देणे कठीण. ग्रंथपालांना हे पूर्वापार ठाऊक आहे. संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्यांना मात्र ते ठेचा खातच शिकावे लागले.

१९८५ साली अमेरिकेत जॅक डोंगारा आणि एरिक ग्रॉस यांनी 'नेटलिब' सुरू केले. गणिती आज्ञावली हवी असेल त्याने ई-पत्र धाडावे आणि यंत्राने ती उलट टपाली पाठवावी, असा तिथला खाक्या. मागणाऱ्याला नाव ठाऊक असले म्हणजे झाले.

पुढे १९९५ मध्ये 'पर्ल' या संगणकभाषेच्या मंडळींनी 'सीपॅन' हे भांडार उघडले. त्याच्या नकला देशोदेशींच्या यंत्रांवर ठेवल्या; एक दार बंद पडले तरी दुसरे उघडे. नावे त्यांनी वंशावळीसारखी रचली. 'नेट::एफटीपी' म्हटले की आधी कूळ, मग व्यक्ती. त्याच सुमारास 'जावा'च्या कर्त्यांनी संस्थेचा महाजालावरील पत्ता उलटा करून नावाआधी लावण्याची प्रथा पाडली. पत्त्याचा मालक एकच, म्हणून नावातही घोटाळा नाही. वर्गात दोन सुरेश आले की आम्ही मास्तर हजेरीपटावर वडिलांचे नाव लावतो, युक्ती तीच.

जावास्क्रिप्टच्या 'एनपीएम' भांडाराने मात्र आखूड, सुटी नावे चालू दिली. जो आधी येईल, नाव त्याचे. २०१६ च्या मार्चमध्ये 'किक' या नावावरून एका लेखकाचा एका कंपनीशी तंटा झाला. भांडाराने कौल कंपनीला दिला. लेखकाने संतापून आपल्या अडीचशेवर आज्ञावली काढून घेतल्या. त्यांत 'लेफ्ट-पॅड' ही अवघ्या ११ ओळींची एक होती. मजकुराच्या डावीकडे भर घालून त्याची लांबी ठरावीक करायची, एवढेच तिचे काम. पण जगभरच्या कितीतरी रचना तिच्यावर टेकल्या होत्या. त्या धडाधड अडल्या. सुमारे दोन तासांत भांडाराने ती पुन्हा जागेवर ठेवली, आणि पुढे काढून घेण्यावर निर्बंध घातले.

त्या लेखकाचा संताप मला समजतो. आपण ठेवलेले नाव दुसऱ्याने हिरावले तर कोणाला सोसेल? तरीही भांडाराने ती आज्ञावली परत ठेवली हे योग्यच झाले, असे मला वाटते. विहीर खणणारा मालक खरा. पण गाव तिचे पाणी पिऊ लागल्यावर ती बुजवण्याचा हक्क त्याच्या एकट्याचा उरत नाही.