‘इन्फ्लुएन्स’ला मराठी शब्द कोणता?

इंग्रजीतील ‘इन्फ्लुएन्स’साठी मराठी वृत्तपत्रे सरसकट ‘प्रभाव’ लिहितात. मूळ लॅटिन अर्थ ‘आत वाहणे’. ग्रहताऱ्यांपासून माणसाकडे काही तरी वाहत येते, ही जुनी समजूत त्यामागे होती. ‘इन्फ्लुएन्झा’ त्याच कुळातला.

बोलण्यात मात्र छटेनुसार शब्द बदलतो. विचारांचा पगडा बसतो, व्यक्तिमत्त्वाची छाप पडते, शिक्षकाचा वचक असतो, भांगेचा अंमल चढतो. एकाच्या शब्दाला गावात वजन असते, दुसऱ्याची नुसती वट असते. वजन कमावलेले, वट बहुधा मिरवलेली. नोकरीसाठी लावतात तो वशिला. त्याला ‘प्रभाव’ म्हणणे म्हणजे दोषावर पांघरूण घालणे होय.

‘परिणाम’ हा शब्द सीमेवर फसवतो. गोंदियाला लागून असलेल्या बालाघाट जिल्ह्यात, बिरसासारख्या गावी, हिंदीतील ‘परीक्षा परिणाम’ म्हणजे निकाल. मराठी वाचकाला मात्र तो परीक्षेचा मुलांवर झालेला परिणाम वाटेल.

कायद्यात छटा चुकवून चालत नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १६ मधील ‘अनड्यू इन्फ्लुएन्स’ म्हणजे परस्परसंबंधांमुळे दुसऱ्याच्या इच्छेवर वर्चस्व गाजवता येण्याच्या स्थितीचा गैरफायद्यासाठी केलेला वापर. शुश्रूषा करणाऱ्याने आजारी वृद्धाची सही अशा रीतीने मिळवली असेल, तर तो करार वृद्धाला रद्द करून घेता येतो. धमकीसाठी कलम १५ वेगळे आहे. म्हणून ‘दबाव’ हे भाषांतर येथे दिशाभूल करते.