वकिलांकडे अडकलेले मिळकतीचे मूळ दस्तऐवज परत कसे मिळवावेत?



खडेबाजार व आसपासच्या पेठांतील अनेक कुटुंबांकडून आमच्याकडे एकाच प्रकारची विचारणा होत असते. दाव्यासाठी वकिलांना दिलेले खरेदीखत वा वाटणीपत्र परत मिळत नाही. फोन उचलला जात नाही, कार्यालयात गेल्यास 'पुढच्या आठवड्यात या' असे उत्तर मिळते. घर विकावयाचे वा कर्ज काढावयाचे झाल्यास मूळ दस्ताविना सारेच अडते. म्हणून सदर माहिती येथे देत आहोत.

प्रथम आमचाच अनुभव सांगतो. संस्थेस दान मिळालेल्या एका गाळ्याचे बक्षीसपत्र भाडेकरूविरुद्धच्या दाव्यासाठी आम्ही एका वकिलांकडे दिले होते. दावा निकाली निघाला, फी चुकती झाली, परंतु कागद परत येईनात. देताना पोच घेतली नव्हती, ही चूक आमचीच. पुष्कळ हेलपाटे घातल्यावर दुसऱ्या वकिलांनी दाव्याची फेरिस्त काढून पाहिली, तेव्हा बक्षीसपत्र निशाणी पडून न्यायालयाच्या दप्तरातच असल्याचे आढळले. तेव्हा कोणावरही आरोप करण्यापूर्वी फेरिस्त पाहावी. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १३, नियम ९ अन्वये अपिलाची मुदत संपल्यावर, किंवा अपील झाले असल्यास ते निकाली निघाल्यावर, पुराव्यातील मूळ कागद अर्ज करून परत घेता येतो. त्याआधी हवा असल्यास सामान्यतः प्रमाणित नक्कल जोडावी लागते व गरज पडल्यास मूळ कागद पुन्हा हजर करण्याची हमी द्यावी लागते.

कागद खरोखरच वकिलांकडे असेल, तर लेखी मागणी करावी. प्रत्येक दस्ताचा प्रकार, नोंदणी क्रमांक व तारीख लिहून ठरावीक मुदत द्यावी. रजिस्टर्ड टपालसेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली आहे. तरी स्पीड पोस्टाने पाठवून पोचवल्याचा पुरावा जपावा. संस्थेची मिळकत असल्यास विश्वस्त मंडळाचा ठराव करून एका व्यक्तीस अधिकार द्यावा, अन्यथा 'कागद कोणाच्या हाती देऊ?' ही सबब तयारच असते.

फी थकली असली तरी कागद अडवून ठेवता येत नाहीत. याविषयी सर्वोच्च न्यायालयाचा आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा हा २००० सालचा निर्णय प्रत्येकाने लक्षात ठेवावा. भोपाळच्या एका सहकारी बँकेच्या वकिलांनी ९७,१०० रुपये फी बाकी असल्याचे सांगून बँकेच्या फाइली रोखल्या होत्या. करार कायद्याच्या कलम १७१ चा आधार त्यांनी घेतला. दाव्याचे कागद म्हणजे विकून पैसे करण्याजोगा माल नव्हे, असे सांगून न्यायालयाने तो नाकारला आणि कागद परत न करणे हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. फीसाठी वकिलांना अन्य कायदेशीर मार्ग मोकळे आहेत. (शिक्षा मात्र सौम्य करून केवळ समज देण्यात आली, कारण तोवर कायद्याची स्थिती स्पष्ट नव्हती. आज ती सबब चालणार नाही.)

मागणीस उत्तर न आल्यास अधिवक्ता अधिनियम १९६१ च्या कलम ३५ खाली बेंगळुरू येथील कर्नाटक राज्य वकील परिषदेकडे तक्रार करता येते. निपाणीपलीकडे, महाराष्ट्रात सनद नोंदलेल्या वकिलांबाबत महाराष्ट्र व गोवा वकील परिषदेकडे जावे लागते. आपल्या सीमाभागात ही गोष्ट आधी विचारून घ्यावी. तक्रार एका वर्षात निकाली न निघाल्यास कलम ३६-ब प्रमाणे ती भारतीय वकील परिषदेकडे जाते. परिषद समज, निलंबन वा सनद रद्द करणे अशी शिक्षा देते. कागद हाती देण्याचा हुकूमनामा दिवाणी न्यायालयाचा. त्यासाठी विशिष्ट अनुतोष अधिनियम १९६३ च्या कलम ७ व ८ खाली दावा आहे. विश्वासाने ठेवावयास दिलेली वस्तू परत मागण्याची मुदत, मागणीनंतर नकार मिळाल्यापासून तीन वर्षे असते. म्हणून नकाराचे पत्र आले तर संतापून फाडू नये. ग्राहक न्यायालयाचा मार्ग मात्र १४ मे २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बंद झाला आहे.

हे सर्व चालू असताना सब-रजिस्ट्रार कचेरीतून दस्ताची प्रमाणित नक्कल काढून घ्यावी. नोंदणी अधिनियम १९०८ च्या कलम ५७ प्रमाणे ती मूळ दस्तातील मजकुराचा पुरावा म्हणून ग्राह्य असते. क्रमांक ठाऊक नसल्यास नाव वा मिळकतीवरून इंडेक्स शोधता येतो. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी बेळगाव मुंबई राज्यात होते; त्या काळातील दस्त बहुधा मराठीत, काही जुने तर मोडीत आहेत. त्यांचे वाचन जाणकाराकडून करून घ्यावे व नक्कल मागताना जुने गाव, पेठ आणि सिटी सर्व्हे नंबर जसे दस्तात लिहिले असतील तसेच द्यावेत.