ताम्रपटातलं आजोळ

वाकाटकांचे ताम्रपट वाचताना पदव्यांपाशी अडखळायला होतं. चार अश्वमेध करणारा पहिला प्रवरसेन तेवढा 'सम्राट'; नंतरचे सगळे नुसते 'महाराज'. मधेच एक 'महाराजाधिराज' येतो, तोही व्याह्यांकडचा: देवगुप्त, म्हणजे गुप्तांचा दुसरा चंद्रगुप्त.

गुप्तांचं हे आजोळ वाकाटकांच्या वंशावळीत आलं ते चौथ्या शतकाच्या अखेरीस. माळवा-सौराष्ट्रात शक क्षत्रप होते. त्यांच्यावर चालून जायचं तर विदर्भातला बलाढ्य शेजारी आपल्या बाजूचा हवा. चंद्रगुप्ताने आपली लेक प्रभावती वाकाटक रुद्रसेनाला दिली, त्यामागे हाच हिशेब असावा. रुद्रसेन लवकर गेला, युवराज दिवाकरसेन लहान होता, आणि कारभार प्रभावतीच्या हाती आला.

आपल्या कारभाराच्या तेराव्या वर्षी तिने रामटेकजवळच्या नंदिवर्धनहून, म्हणजे आजच्या नगरधनहून, दंगुण गाव दान दिलं. पुण्यात मिळालेल्या या पटाची सुरुवात माहेरच्या वंशावळीने होते. सासरच्या पटांतली पेटीसारख्या माथ्याची अक्षरंही इथे नाहीत. आहेत ती खिळ्याच्या माथ्याची, उत्तरेकडची. लेकीसोबत गुप्तांचे कारकूनही आले होते, असं यावरून मानतात. मला ते पटतं.

दंगुण म्हणजे हिंगणघाट, असं संशोधक वा. वि. मिराशींनी ठरवलं. दंगुण ज्या सुप्रतिष्ठ आहारात, म्हणजे तेव्हाच्या विभागात, होतं, त्यातलंच कोथुरक गाव तिच्या मुलाने, दुसऱ्या प्रवरसेनाने, आपल्या दुसऱ्या राज्यवर्षी दिलं. हा पट हिंगणघाटजवळच्या जांबला सापडला. त्यातल्या चतुःसीमेत उमा नदी आणि मंडुकिग्राम येतात. मिराशींच्या मते उमा म्हणजे वणा आणि मंडुकिग्राम म्हणजे समुद्रपूर तालुक्यातलं आजचं मांडगाव.

वाकाटकांच्या दानपटांतल्या सवलती वाचण्यासारख्या आहेत. दान दिलेल्या गावात सैनिक शिरणार नाहीत. फिरतीवरच्या अंमलदारांना गवत, बसायला कातडी, कोळसा पुरवावा लागणार नाही. मिठावर, खणण्यावर राजाचा हक्क नाही. दान न दिलेल्या शेजारच्या गावांवर हा सगळा भार होताच. अमरावतीकडच्या चम्मकच्या पटात तर दान घेणाऱ्या ब्राह्मणांना बजावलंय: राजद्रोह करायचा नाही, दुसऱ्या गावांशी लढायचं नाही, नाहीतर जमीन परत घेऊ.

व्याह्यांचं पाठबळ कायम टिकलं नाही. पुढे नल वंशातल्या राजा भवदत्तवर्म्याने नंदिवर्धन घेतलं आणि तिथूनच आपला ताम्रपट काढला.