छापखान्यातून महाविद्यालयात

एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत छपाई शिकायची तर वाट एकच होती, उमेदवारीची. पोऱ्या आधी झाडू मारी, शाई कालवी, वापरलेले शिशाचे खिळे पुन्हा आपापल्या खणांत टाकी. खिळ्यांची जुळणी हाती यायला वर्षे जात. या वाटेवर पहारा होता १८५२ मध्ये स्थापन झालेल्या आणि पुढे इंटरनॅशनल टायपोग्राफिकल युनियन या नावाने गाजलेल्या कामगार संघटनेचा. उमेदवार किती घ्यायचे यावर तिने मर्यादा घातल्या, कारण हात वाढले की मजुरी उतरते. १८८६ मध्ये ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’मध्ये लायनोटाइप हे जुळणीचे यंत्र आले, तेव्हा त्या यंत्रावरही आपलीच माणसे बसतील हे तिने पाहिले.

महाविद्यालयाची वाट अजून उघडली नव्हती. इलिनॉयमधले जोलिएट ज्युनियर कॉलेज हे दोन वर्षांचे महाविद्यालय १९०१ मध्ये निघाले. पण तिथे शिकवायची होती विद्यापीठाची पहिली दोन वर्षे, धंदा नव्हे. १९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने धंदेशिक्षणाला केंद्राचा पैसा दिला, तोही महाविद्यालयाच्या खालच्या पातळीपुरता. म्हणून छपाईची यंत्रे आधी माध्यमिक आणि व्यवसाय शाळांत पोहोचली. लॉस एंजेलिसची १९२५ ची फ्रँक विगिन्स ट्रेड स्कूल १९५४ मध्ये महाविद्यालय झाली, त्यात या काळाची दिशा दिसते. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाने १९४७ मध्ये कम्युनिटी कॉलेजांचे, म्हणजे अशा दोन वर्षांच्या महाविद्यालयांचे, जाळे सुचवले होते. १९६३ च्या व्यवसायशिक्षण कायद्याने माध्यमिकोत्तर व्यवसायशिक्षणालाही पैसा मिळाला.

नेमका तेव्हाच संघटनेचा पहारा सैल होत होता. ऑफसेट आणि फोटोटाइपसेटिंगमुळे शिशाची गरज संपत चालली होती. टंकलेखन येणारी कोणीही व्यक्ती मजकूर जुळवू शकत होती. न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रांतला १९६२-६३ चा ११४ दिवसांचा संप वेतनाइतकाच स्वयंचलित जुळणीवरूनही पेटला होता. तिथल्याच १९७४ च्या करारात जुळाऱ्यांनी तहहयात नोकरीच्या हमीवर नवी यंत्रे मान्य केली. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ची शेवटची शिशाची जुळणी जुलै १९७८ मध्ये झाली. मागून कोणी येणार नाही, हे करारातच गृहीत होते. उमेदवारी आटली आणि धंद्यात शिरू पाहणाऱ्यांसाठी महाविद्यालयाचे महत्त्व वाढले.

तिथला ‘ग्राफिक कम्युनिकेशन्स’ अभ्यासक्रम दोन वर्षांच्या पदवीचा किंवा त्याहून छोट्या प्रमाणपत्राचा असे. प्रोसेस कॅमेऱ्याने निगेटिव्ह काढायची, ती प्रकाशाच्या टेबलावर मांडून चिकटवायची, तिच्यावरून प्लेट करायची, मग ऑफसेट यंत्र आणि बाइंडिंग. संध्याकाळच्या वर्गात छापखान्यातले कामगारही नवे तंत्र शिकायला बसत. मात्र वर्गाचे यंत्र हे पुष्कळदा एखाद्या छापखान्याने काढून टाकलेले असे, त्यामुळे शिक्षण धंद्याच्या एक पाऊल मागेच चाले.

१९८५ मध्ये लेझररायटर हा प्रिंटर, पोस्टस्क्रिप्ट ही पानाचे वर्णन करणारी भाषा आणि पेजमेकर हा पानमांडणीचा प्रोग्रॅम एकत्र आले तेव्हा हे अंतर उघडे पडले. कॅमेऱ्याची अंधारखोली निरुपयोगी होत गेली. १९९० च्या दशकात संगणकावरून थेट प्लेट निघू लागल्यावर निगेटिव्हही गेली. संगणकांची खोली ऑफसेट यंत्रापेक्षा स्वस्त पडे आणि विद्यार्थ्यांचा ओढाही तिकडेच होता. काही महाविद्यालयांनी छपाई सोडून केवळ डिझाइन धरले. काहींनी डिजिटल छपाई, मोठ्या आकाराचे फलक, वेष्टने आणि रंगनियंत्रण यांची जोड देऊन यंत्रशाळा टिकवली.